आठ थडग्यांचं गाव

कोबे शहरातल्या एका वकिलाच्या कचेरीत पंचविशी ओलांडलेला एक तरुण बसला आहे. त्याची आई लहानपणीच गेली, घरदार युद्धात गेलं. रेडिओवर हरवलेल्या माणसांची नावं वाचतात, त्यात त्याचं नाव आलं म्हणून तो चौकशीला आला आहे. वकील त्याला दोनचार प्रश्न विचारतात आणि मग म्हणतात, जरा शर्ट काढता का? अंगावर भाजल्याचे जुने व्रण आहेत, अगदी तान्हेपणापासूनचे. ते कुणी दिले, कशासाठी दिले, त्याला धड माहीत नाही. वकिलाला मात्र माहीत आहे, कारण गावाकडून तीच खूण कळवलेली आहे. पुढच्या भेटीत त्याला न्यायला आईचे वडील येतात. नातवाशी नीट बोलणंही होत नाही, तोच म्हातारा वकिलासमोरच कोसळून मरतो. औषधात विष होतं.

योकोमिझो सेइशी यांच्या ‘यात्सुहाकामुरा’ या जपानी कादंबरीची ही सुरुवात. नावाचा अर्थ सरळ आहे: आठ थडग्यांचं गाव. १९४९ मध्ये ती ‘शिन सेइनेन’ मासिकात क्रमशः सुरू झाली. मासिकच बंद पडलं, तेव्हा उरलेला भाग ‘होसेकी’ या दुसऱ्या मासिकात आला आणि १९५१ मध्ये कथा संपली. इंग्रजीत यायला २०२१ उजाडलं, मीही तीच प्रत वाचली. डोंगरात अडकलेलं गाव, बाहेरून आलेला माणूस आणि एकामागून एक खून हा साचा आता जगभर गुळगुळीत झाला आहे. तो आतून कसा चालतो हे पाहायचं तर मला अजून याच्याइतकं उघडून दाखवणारं पुस्तक सापडलेलं नाही. (खुनी कोण ते सांगणार नाही. बाकी बरंच सांगावं लागेल, तेवढं चालवून घ्या.)

आधी डोंगराचं बघू. गाव ओकायामा आणि तोत्तोरी या दोन प्रांतांच्या सीमेवर कल्पिलं आहे, चुगोकू डोंगररांगेत. हा पश्चिम जपानचा भाग आहे. ही काही हिमशिखरं नव्हेत. त्या भागातला सर्वांत उंच डोंगर दाइसेन, १,७२९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे फरक जेमतेम. बाकीचे डोंगर त्याहून पुष्कळ ठेंगणे, एकात एक घुसलेले, मध्ये चिंचोळ्या दऱ्या. सह्याद्रीत हिंडलेल्याला हे कळायला नकाशा लागत नाही. असं गाव तुटतं ते उंचीमुळे नव्हे, तर तिथे यायचं कुणाला कारण नसतं म्हणून. कोळसा पाडायचा आणि गुरं पाळून विकायची, यावर गाव जगतं. गुरांचा दलाल आणि पाहुणा सोडला तर तिसरा माणूस वाट चुकूनच येणार.

माझ्या मते या प्रकारच्या गोष्टीत डोंगराचं काम एवढंच असतं. वाट बंद करायला दरड कोसळवणं, पूल वाहून नेणं, तारा तोडणं ही कच्च्या लेखकाची साधनं. योकोमिझोंच्या कादंबरीत पोलीस येतात-जातात, नायकाला वाटलं तर तो निघूनही जाऊ शकतो. तरी वाचकाचा श्वास कोंडतो. कशाने, ते पुढच्या भागात आहे.

वेल्ह्याकडच्या एका वाडीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एसटीतून उतरल्या उतरल्या पारावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, “कुनाचा रं तू?” नाव विचारलं नाही, गावही नाही. कुणाचा. मी कुणाचाच नव्हतो, म्हणून त्यांनी मला त्यातल्या त्यात एका घरचा पाहुणा ठरवून टाकलं आणि मगच चहा आला. डोंगरातल्या गावाची नोंदवही ही अशी असते. माणूस कुठल्या तरी घराच्या नावावर चढवावा लागतो.

आता हाच प्रसंग योकोमिझो उलटा फिरवतात. वकिलाच्या कचेरीतला तो तरुण, तात्सुया, गावात पाऊल टाकतो तेव्हा त्याला कुणी काही विचारत नाही. तो कुणाचा हे सगळ्या गावाला पाठ आहे. माहीत नाही ते फक्त त्याला. वेशीजवळ एक म्हातारी संन्यासिनी आडवी येते आणि किंचाळते: परत जा, तू आलास तर पुन्हा माणसं मरतील. लोक खिडक्यांआडून बघतात. मुलं मागे ओढून घेतात. त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. पण त्याचा चेहरा म्हणजे त्यांच्या लेखी जुनी उधारी आहे.

रहस्यकथेत साधारणपणे वाचकापासून एकजण काहीतरी लपवत असतो, तो म्हणजे खुनी. इथे अख्खं गाव नायकापासून लपवतं, आणि तेही कट करून नव्हे. जे सर्वांना ठाऊक आहे ते सांगायचं कुणाला सुचत नाही, एवढंच. कादंबरी तात्सुयाच्या तोंडून ऐकू येते ती याचसाठी. त्याला जे कळतं तेवढंच आपल्याला. फक्त एक छोटीशी लबाडी लेखकाने केली आहे: तात्सुया बोलू लागण्याआधी एक प्रस्तावना आहे, आणि तिच्यात गावाचा इतिहास आपल्याला सांगून टाकला आहे. म्हणजे काही काळ आपण गावकऱ्यांच्या बाजूला असतो. आपणही खिडकीआडून बघणारे.

तो इतिहास दोन थरांचा आहे.

पहिला थर १५६६ चा. आमागो घराण्याचा गास्सान-तोदा हा किल्ला मोरी घराण्याने त्या वर्षी घेतला. हा खरा इतिहास आहे. कादंबरीत त्या पडत्या बाजूचा एक तरुण सरदार सात साथीदारांसह पळून या गावात येतो, घोड्यांवर सोनं लादलेलं. गाव त्यांना आसरा देतं. पुढे मोरींचे लोक शोध घेत येतील ही भीती, पकडून दिलं तर मिळणारं बक्षीस आणि ते सोनं, या तिन्हींचा हिशेब करून गाव आठही जणांना मारतं. मरताना सरदार शाप देतो. सोनं मात्र सापडत नाही. यातलं काही जपानी वाचकाला अतिरंजित वाटत नाही. हरलेल्या सामुराईंना गाठून लुबाडणं, मारणं हा त्या काळी गावकऱ्यांचा जणू जोडधंदा होता. ओदा नोबुनागावर उलटलेला आकेची मित्सुहिदे १५८२ मध्ये लढाई हरून पळताना शेतकऱ्यांच्याच हातून मेला असं मानतात.

मग गावात विपरीत घडू लागतं. कटाचा म्होरक्या ताजिमी वेडा होऊन सात जणांना कापतो आणि शेवटी स्वतःला संपवतो. सात अधिक एक, आठ. गाव हादरतं, मारलेल्यांना उकरून पुन्हा विधिवत पुरतं, आठ थडगी बांधतं आणि त्यांना देव करून टाकतं. अन्यायाने मेलेला माणूस सूड उगवतो, म्हणून त्याची पूजा करायची, ही जपानमधली फार जुनी समजूत. हद्दपारीत ९०३ साली मेलेला विद्वान मंत्री सुगावारा नो मिचिझाने याला असंच शांत करता करता लोकांनी विद्येचा देव केलं. परीक्षेआधी मुलं आजही त्याच्याकडे नवस बोलतात. आपल्याकडे पिंपळावरच्या मुंजाला दिवा लावणाऱ्याला यात परकं काही वाटू नये.

दुसरा थर तात्सुयाच्या जन्माच्या आसपासचा. ताजिमींचाच वंशज योझो हा घरचा कर्ता पुरुष. तो एका तरुणीला पळवून घरच्या मातीच्या कोठारात कोंडतो. तिला मूल होतं. मूल आपलं नाही असा संशय डोक्यात शिरल्यावर तो मायलेकरांचे हाल करतो. ते व्रण त्याचे. आई लेकराला घेऊन पळते आणि एका रात्री योझो कपाळावरच्या पट्टीत शिंगांसारख्या दोन बॅटऱ्या खोचून, छातीवर दिवा बांधून, तलवार आणि शिकारीची बंदूक घेऊन ३२ गावकऱ्यांना मारत सुटतो. नंतर डोंगरात नाहीसा होतो.

हे वाचताना ‘काय हे, काहीही’ असं वाटतं. तर ऐका. २१ मे १९३८ च्या पहाटे ओकायामातल्या त्सुयामाजवळच्या एका डोंगरी वाडीत २१ वर्षांच्या एका तरुणाने जवळजवळ दीड तासात ३० माणसं मारली. आदल्या संध्याकाळी त्याने वाडीची वीज तोडली होती. डोक्याला दोन बॅटऱ्या, छातीवर सायकलचा दिवा, हातात शिकारीची बंदूक आणि तलवार. सुरुवात त्याने स्वतःच्या आजीपासून केली. क्षयामुळे सैन्याच्या तपासणीत तो नाकारला गेला होता आणि वाडीने, विशेषतः बायकांनी, आपल्याला झिडकारलं हे त्याने चिठ्ठ्यांत लिहून ठेवलं. उजाडता उजाडता त्याने डोंगरावर स्वतःला गोळी घातली.

योकोमिझो १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यांमुळे तोक्यो सोडून ओकायामातल्या ओकादा या खेड्यात राहायला गेले आणि १९४८ पर्यंत तिथे राहिले. ते मूळचे कोबेचे, शिकून औषधविक्रेते झालेले (कादंबरीत विष इतक्या सराईतपणे का फिरतं, ते इथे कळतं), पुढे ‘शिन सेइनेन’चेच संपादक. त्यांना स्वतःलाही क्षय होता. खेड्यात त्यांच्या कानावर जुनी घराणी, भाऊबंदकी, देवऋषी आणि ही हकीगत पडली. त्यांनी केलं ते असं: तळचा थर खऱ्या इतिहासाला टेकवला, मधला थर खऱ्या हत्याकांडातून जवळजवळ जसाच्या तसा उचलला, आणि त्यावर आपली कल्पित गोष्ट ठेवली. वाचकाने खालच्या दोन पायऱ्यांवर विश्वास ठेवलेला असतो. तिसरी पायरी लाकडाची की कागदाची हे पाहायला तो थांबत नाही.

हे झालं रचनेचं. आता खुनाच्या यंत्राकडे येऊ, कारण खरी करामत तिथे आहे.

तात्सुया घरी येतो. एक सावत्र भाऊ अंथरुणाला खिळलेला, एक मायाळू सावत्र बहीण आणि दोन जुळ्या म्हाताऱ्या आज्या, ज्यांच्यातली कोणती कोण हे ओळखू येत नाही. त्याला पाहिल्यावर थोड्याच वेळात भाऊ मरतो. मग भावाच्या उत्तरक्रियेचं जेवण. इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. जपानी पद्धतीने प्रत्येकापुढे वेगळं छोटं ताट येतं, पायांच्या चौरंगावर मांडलेलं. घरचा वारस म्हणून मानाच्या पाहुण्यांपुढे ताट ठेवायचं काम तात्सुयाकडे. दोन मठांचे दोन भिक्षू शेजारी बसले आहेत. तात्सुया आतून ताट आणतो, वाकतो, ठेवतो. त्यातला एक भिक्षू दोन घास खातो आणि त्याच्या तोंडाला फेस येतो. सगळ्या दिवाणखान्याची नजर ताटावरून त्याच्या हातांकडे जाते.

गावकऱ्यांना पुरावा मिळाला. आपल्याला मात्र एक प्रश्न पडायला हवा, आणि बहुतेकांना पडत नाही: कोणतं ताट कोणत्या भिक्षूपुढे जाईल हे विष घालणाऱ्याला कसं कळणार? मग हळूहळू दिसतं की त्याला फरकच पडत नव्हता. दोघांपैकी कुणीही चालला असता.

कारण गावात सगळं जोडीने आहे. पूर्वेकडचं श्रीमंत घर आणि पश्चिमेकडचं, दोन भिक्षू, दोन संन्यासिनी, दोन डॉक्टर, गुरांचे दोन दलाल. देवळाजवळ जुळ्या म्हाताऱ्यांच्या नावाची दोन सुरूसारखी उंच झाडं होती, त्यातलं एक वीज पडून कोसळलं. पुढे एका प्रेताजवळ वहीचं फाटकं पान सापडतं. त्यावर या जोड्या लिहिलेल्या आणि प्रत्येक जोडीतलं एक नाव लाल रेघेने खोडलेलं. गाव म्हणतं, देवांनी झाड पाडून इशारा दिला होता, आता प्रत्येक जोडीतला एकेक जाणार, आठ पुरे होईपर्यंत.

अगाथा ख्रिस्तीच्या १९३६ च्या ‘एबीसी मर्डर्स’शी याचं नातं आहे, एवढंच म्हणतो. जास्त बोललो तर दोन पुस्तकं एकदम फुटतील. पण फरक सांगायला हवा. ख्रिस्तीच्या खुन्याला आपला आकृतिबंध स्वतः बनवावा लागतो, पत्रं पाठवून जाहिरात करावी लागते. आठ थडग्यांच्या गावातल्या खुन्याला यातलं काही करावं लागत नाही. साडेतीनशेहून जास्त वर्षं गावाने भीती साठवून ठेवली आहे, धान्यासारखी. खुनी फक्त कोठाराचं कुलूप काढतो. प्रत्येक प्रेताचा अर्थ गावकरीच लावतात, कारण त्यांच्याकडे अर्थ तयार आहे. खरा हेतू अगदी जमिनीवरचा, हिशेबी आहे. आणि शापाच्या आवाजात तो कुणाला ऐकू येत नाही.

आणि हेच बाहेरच्या माणसाच्या मुळावर येतं. जपानी खेड्यांत ‘मुराहाचिबु’ म्हणून एक प्रकार होता. गाव ज्याच्याशी तोडायचं त्याच्याशी सगळे व्यवहार तोडायचे, फक्त आग विझवायला आणि मयताला जायचं. दहातले आठ भाग बंद, अशी त्या शब्दाची लोकव्युत्पत्ती सांगतात. मराठीत याला लांबलचक स्पष्टीकरण लागत नाही. वाळीत टाकणं म्हटलं की झालं. फरक असला तर एवढाच, की आपल्याकडे गावकीने अनेकदा मयतालाही खांदा दिलेला नाही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा खास कायदा केला तो काही इतिहासाच्या आवडीने नव्हे. कादंबरीत शेवटी शेवटी गावकरी हातात काठ्या घेऊन तात्सुयाच्या घरावर चालून येतात. तोवर आपल्याला त्यांचं नवल वाटत नाही, हीच लेखकाची खरी भयंकर कामगिरी.

मग गुप्तहेर कुठे आहे? आहे. योकोमिझोंचा किंदाइची कोसुके, चुरगळलेला किमोनो, कोंडा पडेपर्यंत डोकं खाजवणारा, बोलताना अडखळणारा. पण तो काठाकाठाने वावरतो. चलाख गुप्तहेर मध्यभागी आला की वाचक निर्धास्त होतो, हे अनुभवी लेखकाला ठाऊक असतं. घाबरवायचं असेल तर शहाण्याला बाहेर उभं करावं.

राहिली गुहा. ताजिमींच्या घराखालून चुनखडीच्या गुहांचं जाळं जातं आणि कादंबरीचा उत्तरार्ध जवळजवळ तिथेच घडतो: पाणी, झुलणाऱ्या मशाली, चिलखत चढवलेलं एक न कुजलेलं प्रेत, आणि त्या सोन्याचा शोध. मला हा भाग थोडा लांबलेला वाटतो. तरी त्याचं प्रयोजन पक्कं आहे. वर गावात सगळ्यांना सगळं ठाऊक. खाली गुहेत कुणालाच काही ठाऊक नाही, गावकऱ्यालाही वाट सापडत नाही. पहिल्यांदाच तात्सुया आणि गाव एका पातळीवर येतात. ही गुहाही हवेतून आणलेली नाही. ओकायामाच्या वायव्येला निइमीकडे इकुरा-दो आणि माकी-दो अशा चुनखडीच्या मोठ्या गुहा आहेत. १९७७ मध्ये नोमुरा योशितारो यांनी काढलेल्या सिनेमाचं चित्रीकरण माकी-दोमध्ये झालं आणि ताजिमींचं घर म्हणून त्यांनी फुकिया भागातला हिरोकाने वाडा वापरला, किल्ल्यासारख्या दगडी तटावर चढवलेला.

तो सिनेमा मी कादंबरीनंतर पाहिला आणि एका गोष्टीवर अडखळलो. नोमुरांनी गोष्ट थेट सत्तरच्या दशकात आणली आहे, तात्सुया विमानतळावर काम करतो. ते ठीक. योझो रात्री फुललेल्या चेरीखालून, पाकळ्यांच्या पावसात धावत येतो, ते दृश्य तर विसरता येत नाही. जाहिरातीतली म्हातारीची ‘शाप लागलाय!’ ही आरोळी जपानभर पोरांच्या तोंडी बसली होती. पण सिनेमात शाप खरा निघतो. मारलेल्यांचा वंश खरोखरच सूड घेतो, निदान तसं समजायला मुबलक जागा ठेवली आहे. अंगावर काटा येतो आणि थेटराबाहेर पडेपर्यंत उतरतो. कादंबरीत शाप खोटा आहे आणि गाव खरं आहे. तो काटा इतक्या लवकर उतरत नाही.

बाहेरचा माणूस हवाच, असंही नाही. डॅनियल वुड्रेल यांच्या ‘विंटर्स बोन’मध्ये (कादंबरी २००६, सिनेमा २०१०) अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरातली सोळा वर्षांची री ही तिथलीच पोर आहे, अर्धं खोरं तिच्या भावकीतलं. बाप शोधायला ती दारोदार जाते आणि प्रत्येक दारात तिला माहीत असतं की समोरच्याला माहीत आहे. तिथे शाप नाही, देव नाही, फक्त ‘विचारू नकोस’ एवढा नियम आहे. यंत्र तेच, फक्त तात्सुयाला ते दिसत नाही आणि तिला पुरतं दिसतं.

योकोमिझो १९८१ मध्ये गेले. ज्या खेड्यात त्यांनी ही माणसं ऐकली ते ओकादा आता कुराशिकी शहरातल्या माबी भागात येतं, त्यांचं तिथलं घर जपून ठेवलेलं आहे. माबीत किंदाइचीचे चाहते जमतात. बायका, पुरुष, पोरं, सगळे चुरगळलेला किमोनो आणि चेमटलेली हॅट घालून कियोने स्टेशनवर उतरतात आणि भाताच्या खाचरांमधून चालत गावात शिरतात, दिसेल त्याच्याकडे बघून डोकं खाजवत. गावातले लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवतात.